भिवराच्या गालिच्यातली वाट

एका राज्यात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या, आणि तिथल्या बायका लोकरीचे गालिचे विणत. प्रत्येक गालिच्यात मधल्या नक्षीपासून काठ ओलांडून बाहेर जाणारा एक पांढरा धागा असे. त्या त्याला वाट म्हणत. विणताना विणणारीचा जीव नक्षीत उतरतो. काम सरलं की त्या वाटेने घरी येतो.

राजाच्या मांत्रिकाला ती खोट वाटली. त्याने भिवरा नावाच्या विणणारीला राजवाड्यात बसवून बंद काठाचा गालिचा विणवला. फणीचा शेवटचा ठोका पडला आणि भिवरा मागासमोर बसल्या जागी थिजली. राजा अंथरलेल्या गालिच्यावर बसला, तो त्याला उठता येईना.

तीन महिने तो तिथेच जेवला. शेवटी मांत्रिक म्हणाला, "परवा सूर्योदयाला तलवारीने गालिचा चिरू."

"चिरलात तर माझी आई जाईल," भिवराची लेक येसू म्हणाली. "मी वाट काढते, महाराज."

"तलवारीआधी काढ. पायांना मुंग्या आल्यात."

खिडकीत सुगरण बसली होती. ती म्हणाली, "माझ्या एवढ्याशा घरट्यालाही दार असतं, महाराज. येसू, तीन कामं कर. न मागता मिळालेली लोकर आण. न तुटणारं सूत काढ. ते गालिच्यात घाल, पण आतला एक धागाही कापू नकोस."

येसू डोंगरावर गेली. भिवराने बोळ्याने दूध पाजून जगवलेली म्हातारी मेंढी आपणहून पुढे आली आणि मान वाकवून उभी राहिली.

तिच्या लोकरीचं सूत दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा येसूने चाती आईच्या गार बोटांत दिली आणि त्यांवर आपली बोटं ठेवली. सूत तुटलं नाही.

सूर्योदयाला तलवार उपसली गेली. येसूने सूत मधल्या नक्षीत अडकवलं. सुगरणीने ते चोचीत धरलं. एका धाग्यावरून, एका धाग्याखालून ती काठाकडे निघाली.

"काठ बिघडतोय," मांत्रिक ओरडला.

"तलवार म्यान करा," राजा म्हणाला. "दोनच बोटं अंतर राहिलंय."

सुताचं टोक काठाबाहेर आलं. भिवराने पापणी हलवली. तिने गालिच्यावरून हात फिरवला.

"येसू, इथे हात सैल पडलाय गं."

"सुगरणीला सांग, आई."

राजा उठला, लटपटला, आणि भिवरापुढे वाकला. गालिच्यात बांधलेली मांत्रिकाची विद्याही त्याच वाटेने निघून गेली. तो मेंढ्या राखायला गेला. बंद काठ त्या राज्यात पुन्हा कुणी विणला नाही. पांढऱ्या धाग्याबद्दल विचारलं, की तिथली पोरं सांगतात, "आई घरी येते, ती वाट."