अंगणातला काटा

एका टेकडीच्या उतारावर उंदरांचे एक घराणे राहत असे. त्यांच्यासारखे स्वच्छ अंगण साऱ्या टेकडीवर नव्हते. गवताचे पाते दिसले की सासूबाई ते उपटत, आणि सकाळ झाली की सगळे जण शेपटीने माती झाडून उताराखाली लोटत. या घरात नवी सून आली. बोलायची कमी, बघायची जास्त. सर येऊन गेली की उताराखालून तांबडे पाणी वाहताना तिला दिसे. ही माती आपल्याच दारातली तर नाही? अंगणाच्या बरोबर खाली, बिळात, बाळंतिणीची खोली होती, आणि तिथे तिच्या जावेची डोळे न उघडलेली पिल्ले झोपलेली असत.

सुनेने साळिंदराचे गळलेले दोन काटे आणले. एक तिने त्याच्यावरच्या काळ्या पट्ट्यापर्यंत अंगणात रोवला, दुसरा शेजारच्या गवतात. "अगं बाई, दारात काटा? ही तुझ्या माहेरची रांगोळी वाटतं!" सासूबाई म्हणाल्या. "राहू द्या, सासूबाई," सून म्हणाली आणि तिने काटा जागचा हलू दिला नाही.

पाऊस झाला. अंगणातल्या काट्याचा पट्टा नखभर वर आला. आणखी पाऊस झाला, पट्टा आणखी वर. "बघा, काटा वाढला!" मामंजींनी शोध लावला. "मग गवतातला का नाही वाढला, मामंजी?" सुनेने हळूच विचारले. "काटा आहे तिथंच आहे. आपलं अंगण खाली चाललंय." इतक्यात आतून जाऊ ओरडली, "अहो, छतातून उजेड दिसतोय!"

सुनेने झाडणे त्याच क्षणी बंद पाडले. छताच्या भोकावर माती दाबली, उतारावर आडवे खडे रचले, दातांत धरून हरळीची मुळे आणली आणि लावली. सासूबाईही शेपटी खोचून खडे ओढू लागल्या. पुढचा पाऊस मुसळधार आला; पण पाणी खड्यांशी अडले, माती तिथेच टाकून पुढे गेले. खाली पिल्ले कूस बदलून पुन्हा झोपली.

आता त्या अंगणात गवत माजले आहे. "काय हो, हल्ली झाडत नाही वाटतं?" शेजारीण नाक मुरडते. सासूबाई आधी काट्याकडे बघतात. पट्टा मातीला टेकलेला असतो. मग म्हणतात, "तुझ्या दारात एक काटा रोव, आणि पाऊस झाला की ये बोलायला."

तात्पर्य : पायाखालची माती जाताना आवाज करत नाही, म्हणून तिच्यावर सतत नजर ठेवावी आणि ती थोडी जात असतानाच तिला अडवावे.