उलट्या पिळाचा दोर

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. त्याला एकच कन्या, वेणुमती. ती डावरी होती. देवघरात वाती वळायला बसली की तिच्या वातींना उलटा पीळ पडे. राणी त्या वाती बाजूला काढी, समईत लावीत नसे. तेव्हापासून वेणुमती डावा हात पदराखाली ठेवी.

एके दिवशी धूमकेश नावाचा मांत्रिक दरबारात आला. राजाने कन्येला विडा द्यायला सांगितले. घाईत तिचा डावा हात पुढे झाला. दरबारात हशा पिकला. मांत्रिकाचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने कमरेचा सोन्याचा दोर काढून भिरकावला. दोर सापासारखा धावला आणि राजाच्या कमरेला विळखा घालून बसला. शिपाई सोडवू लागले, तसा तो अधिकच आवळला.

"तीन कामे कर," मांत्रिक वेणुमतीला म्हणाला. "नागाच्या बिळातला मणी आण. काळ्या डोहाच्या भोवऱ्यातले पाणी आण. मग हा दोर सोड. दर वेळी मी एकच विचारीन, कोणत्या हाताने केलेस?"

वेणुमतीने डावा हात कमरेशी बांधला आणि निघाली. सोबत तिची साळुंकी होती. ती माणसासारखी बोले.

नागाचे बीळ आत डावीकडे वळले होते. उजवा हात कोपरापर्यंत जाई आणि अडे. वेणुमतीने इकडेतिकडे पाहिले, गाठ सोडली, डाव्या हाताने मणी काढला आणि हात पुन्हा बांधून टाकला.

"कुणी पाहिले नाही," ती म्हणाली.

"मग मी कोण? भिंतीवरचे चित्र?" साळुंकी म्हणाली.

दरबारात मांत्रिकाने विचारले, "कोणत्या हाताने?"

"उजव्या."

दोर राजाच्या छातीवर चढला. वेणुमतीची मान वर होईना.

डोहातला भोवरा उलटा फिरत होता. उजव्या हातातला कलश तो हिसकून फेकी. डाव्या हाताने धरला, तसा तो भरून वर आला. दरबारात तिने पुन्हा सांगितले, "उजव्या." दोर राजाच्या गळ्याशी आला.

"पोरी, दमलीस का?" राजाने कसेबसे विचारले. वेणुमतीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

साळुंकी तिच्या कानाशी आली. "काम खरे, सांगणे खोटे. तुझा बाप तुझ्या हाताने मरत नाही, जिभेने मरतो आहे."

आता दोर सोडायचा होता, तोही सगळ्यांच्या देखत. वेणुमती वाकली आणि थबकली. दोराला उलटा पीळ होता. देवघरात बाजूला काढलेल्या तिच्या वातींसारखाच. शिपायांनी तो नेहमीच्या दोरासारखा फिरवला, म्हणून आवळला. हा दोर डाव्या हाताने वळलेला होता.

तिने मांत्रिकाकडे पाहिले. त्याचा डावा हात कफनीत होता. आल्यापासून तो कुणी पाहिलाच नव्हता.

वेणुमतीने कमरेची गाठ सोडली.

"मणी डाव्या हाताने काढला. पाणीही डाव्यानेच आणले. दोनदा खोटे बोलले. दोर डाव्यानेच सोडते."

मागे कुणी फिसकन हसले. तिचे कान तापले, पण हात थांबला नाही. पीळ उलगडत गेला. राजाने मोठा श्वास घेतला. जमिनीवर पडला तो सोन्याचा दोर नव्हता, साधे सुंभ होते.

"बुवा, हा तुम्हीच वळलात ना?" वेणुमतीने विचारले.

मांत्रिकाने कफनीतला हात आणखी आत ओढला. "गुरू या हातावर छडी मारीत," तो खाली पाहत म्हणाला. "त्या दिवशी दरबार हसला. मला वाटले, मलाच हसला."

वेणुमतीने तबकातला विडा डाव्या हाताने उचलला आणि पुढे केला. मांत्रिकाने कफनीतून डावा हात काढला. विडा घेतला, आणि आल्या वाटेने निघून गेला.

राजा सिंहासनावर बसला, राज्य पूर्ववत चालू लागले. त्या संध्याकाळी राणीने देवघरातल्या समईत उलट्या पिळाची वात लावली.

उजेड रोजच्यासारखाच पडला.