शैलोदरीची सावली

पूर्वी कृतयुगात, जेव्हा हत्ती अजून ब्रह्मदेवाच्या मनातही नव्हता आणि असता तर उंदरांत गणला गेला असता, नर्मदेच्या उत्तर तीरावर, गगनचुंबी वृक्षांनी गजबजलेल्या अरण्यात, महाकाय प्राण्यांचे एक कुळ नांदत होते. त्यांची अग्रणी शैलोदरी. तिने शेपूट हलवली की नर्मदेला पूर येई, आणि बिचाऱ्या वरुणाला इंद्रसभेत खुलासा द्यावा लागे. खोटे वाटत असेल त्याने वरुणालाच विचारावे.

अशा त्या विशालदेहेच्या छायेत वज्रवाक मुनींनी बारा वर्षांचे अनुष्ठान मांडले. तपाला बसलेल्यावरची सावली काढू नये, हा त्या अरण्याचा धर्म. डोळ्यांदेखत सर्प येत, तिची अंडी फोडून खात. पण शैलोदरी हलली नाही.

अनुष्ठान संपताच मुनी प्रसन्न झाले. "माते, वर माग."

"तपोनिधे, आमच्या कुळाचे अंडे त्रैलोक्यात कुणालाही फुटू नये!"

"तथास्तु!" तपस्व्यांचा तथास्तु जिभेच्या टोकावरच बसलेला असतो, मागणे मनात घोळवण्याइतका धीर त्याला कुठला?

सर्पांचे दात पडले. कुळात उत्सव झाला. मग दिवस भरले, आणि अंड्यांतून टकटक ऐकू येऊ लागली. पिले आतून डोकी आपटत होती, कवच फुटेना. शैलोदरीने पाय दिला, पायच रक्ताळला. इंद्राने वज्र हाणले आणि बोथटलेली धार लपवीत तो मुकाट्याने स्वर्गात परतला.

"मुनिवर्य, वर परत घ्या!"

मुनींची मान खाली गेली. "दिलेला शब्द मलाही फिरवता येत नाही, माते. नवा वर द्यावा, तर सारे तप याच वरात वेचले गेले."

"मग पुन्हा बसा की! बारा वर्षे तर बारा वर्षे. सावली मी धरते."

"पण तोवर ही पिले..."

"बसा म्हणते ना!"

मुनी बसले. शैलोदरी उभी राहिली. पायांशी टकटक चालूच होती. तिसऱ्या दिवशी ती मंदावली, पाचव्या दिवशी थांबली. ती हलली नाही. नवे कुणी जन्मेना. जुने एकेक करून नदीकाठी आडवे झाले. ती हलली नाही.

बारा वर्षांनी मुनींनी नेत्र उघडले, हात उचलला. "माते, माग!"

त्यांनी मान वर केली. डोक्यावर पाषाण होता, आणि अंगावर सावली.

तेव्हापासून एवढे थोर शरीर पुन्हा पृथ्वीवर चालले नाही. त्या तीरावर वाटोळे धोंडे निघतात. नांगराचा फाळ मोडतो, धोंडा फुटत नाही. आणि तिथल्या एका टेकडीची सावली, सूर्य कुठेही जावो, जागची हलत नाही.