कालचा शिक्का

तळ्यातल्या मासेमारीच्या ठेक्यासाठी अर्ज टपालात टाकायची मुदत काल संपली होती. आज दुपारी सभापती जयवंतरावांनी पोस्टातल्या कारकून रत्नमाला उके यांच्यापुढे पाकीट आपटलं. "यावर कालचा शिक्का मारा. नाहीतर बदलीची तयारी ठेवा."

रत्नमालाबाईंनी दाराकडे पाहिलं. "सकाळी मासे धरणाऱ्या ढिवर बायाही याच ठेक्याचा अर्ज घेऊन आल्या होत्या, साहेब. मुदत संपली म्हणून त्यांना परत पाठवताना माझ्या जिवावर आलं. त्या अजून बाहेर पायरीवर बसल्यात. तारीख फिरवायचीच, तर आधी त्यांना हाक मारते. त्यांचा नंबर तुमच्या आधी."

ठेक्यात पहिला हक्क ढिवरांचा; त्यांचा अर्ज पोचला की ठेका कुणाला मिळणार, हे जयवंतरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पाकीट उचलून खिशात घातलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."