पहिलं दुपटं

“आणखी काय काय बंद केलंस?” बुवांनी विचारलं.

मधुकर मांडी सावरून बसला. आता शाबासकी मिळणार, असं त्याला वाटलं असावं.

“पेपर बंद. केबल बंद. चहा दिवसातनं एकदा, तोही बिनदुधाचा. बुवा, तुम्हीच सांगितलं होतंत, गरजा कमी करा. घरात बाळ येणार म्हटल्यावर सगळ्या घराला शिस्त लावली मी.”

“सगळ्या घराला?”

“सगळ्या.”

बोलताना त्यानं गालातलं पान या बाजूचं त्या बाजूला केलं.

मी ओसरीच्या कडेला तांदूळ निवडत होते. पंचवीस वर्षं मठाची चूल सांभाळतेय, नाना तऱ्हेची माणसं बघितली. पण कवडीचुंबकपणाला वैराग्य म्हणून मिरवणारा हा पहिलाच!

त्यानं पिशवीतनं एक कोरं करकरीत धोतर काढलं आणि बुवांच्या पायाशी ठेवलं.

“हे तुम्हाला. आणि तुमच्या अंगावरचं एक जुनं मला द्या. बाळाच्या दुपट्याला.”

आमच्या भागात बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत. पहिलं दुपटं जुन्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, आणि जमलं तर चांगलं म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचं. त्याचं वय लेकराला लागतं म्हणतात. आमचे अनंतबुवा नव्वदीचे, आणि अजून दात शाबूत. त्यांची जुनी धोतरं मागायला कुठनं कुठनं माणसं येतात.

“पहिलं लेकरू पाचव्या दिवशी गेलं, बुवा...” मधुकरचा आवाज चिरकला. “हे तरी जगू दे.”

खोटं कशाला सांगू, तेवढ्यापुरतं माझंही काळीज हललं.

बुवा उठले. त्यांचं जुनं धोतर दोरीवर वाळत होतं. त्याला हात घातला... आणि तिथंच थांबले.

“खाली पायरीवर कोण बसलंय?”

“आबा. माझे वडील, केरबा.” मधुकरनं घसा खाकरला. “त्यांचंही बोलायचं होतं. त्यांना आता मठात सेवा करायची इच्छा झालीय. देवाचं नाव घेतील, दोन घास खातील. घरात पाळणा येणार, जागा अडते. शिवाय त्यांचं औषधपाणी...”

“इच्छा त्यांची?”

मधुकर रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागला.

“केरबा, वर या.”

म्हातारा वर आला. गुडघ्यावर हात रेटत, एकेक पायरी. काखेत एक पिशवी, तिच्यातनं तांब्याचं तोंड बाहेर आलेलं. लेक जागचा हलला नाही. माझा असा संताप झाला की हातातलं सूपच कलंडलं.

“मठात राहायचंय?” बुवांनी विचारलं.

केरबानं आधी लेकाकडं बघितलं.

“तो म्हणेल तसं... नातवंडाचं तोंड बघून आलो असतो, तर बरं झालं असतं.”

बुवा त्याच्या धोतराकडं बघत होते. गुडघ्यावर दोन ठिगळं. कापड इतकं विरलेलं की खालचे पाय दिसत होते.

“दुसरं नाही?”

“एवढंच हाय. संध्याकाळी धुतो, सकाळी नेसतो. यंदा दिवाळीचं बंद झालं.”

“वय काय तुमचं?”

“चौऱ्याऐंशी सरली.”

बुवा वळले. मी त्यांना रागावलेलं बघितलंय, पण असं कधी नाही. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

“थुंक ते पान!”

“अं?”

“थुंक आधी! घराचं दूध तोडलंस, बापाचं धोतर तोडलंस, आणि तुझा गाल भरलेला? गरजा कमी कर म्हणालो होतो मी. तुझ्या!”

मधुकर लगबगीनं कठड्याशी जाऊन थुंकून आला. मान खाली.

“लेकराला आयुष्य मागायला दोन एसट्या बदलून आलास. आणि चौऱ्याऐंशी वर्षांचं आयुष्य इथं टाकून जायला बरोबर आणलंस. लाज कशी वाटली नाही रे?”

“बुवा, मला फक्त बाळाची...”

“एक शब्द नको.”

“बरं झालं!” माझ्या तोंडून निघालं. “असल्यांना...”

“द्वारकाबाई, तांदूळ निवडा.”

मी निवडायला लागले.

बुवांनी ते कोरं धोतर उचललं आणि केरबाच्या हातात कोंबलं.

“नेसून या.”

“अहो, हे तुमच्यासाठी आणलंय त्यानं.”

“मला दिलं ना? मग ते माझं. मी कुणालाही देईन. जा आत.”

केरबानं पिशवी खांबाशी ठेवली आणि तो आत गेला.

मधुकरनं एकदा दोरीकडं बघितलं. बुवांनी आपलं धोतर दोरीवरनं काढलं, घडी केली आणि खाली ठेवून त्यावरच बसले.

“बुवा... मग दुपटं?”

बुवांची नजर आतल्या दाराकडं.

केरबा बाहेर आला. नवं धोतर अंगाला बसत नव्हतं, सगळीकडं फुगलं होतं. ते दोन्ही बाजूंनी दाबत तो लाजल्यासारखा हसला. हातात जुनं, नीट चौघडी घातलेलं. ते त्यानं माझ्यापुढं धरलं.

“बाई, चुलीला पोतेरं होईल बघा.”

मी हात पुढं केला नाही. मला ते जमलंच नाही.

मधुकर त्या घडीकडं बघत राहिला. विरलेलं, मऊ, म्हाताऱ्याच्या हातात सुद्धा जड न होणारं. मग तो उठला. खांबाशी ठेवलेली बापाची पिशवी त्यानं खांद्याला लावली.

“चला आबा... घरी.” डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं. “बारशाला तुमच्याच मांडीवर...”

पिशवीचे बंद एका हातानं धरून दुसरा हात त्यानं बापापुढं केला, घडीसाठी.

“मधुकर,” बुवा गरजले. “पिशवी खाली ठेव. दोन्ही हातांनी घे.”