दुधीचा पानगा आणि तोंड मिटलेले राजे

गजसिंह राजांनी उकडलेल्या दुधीची वाटी उचलली आणि सरळ खिडकीबाहेर फेकली. खाली एक बकरी बांधलेली होती. तिनं दुधी हुंगला आणि मान फिरवली.

"बघा वैद्यबुवा," राजे म्हणाले, "बकरीलासुद्धा पटत नाही तुमचं पथ्य."

राजांचा पाय सुजून भोपळ्यासारखा झाला होता. वैद्यबुवांनी बजावलं होतं, भात नको, गहू नको, गोड नको, आणि तळलेल्याकडे तर बघायचंही नाही. ज्वारी खा, दुधी खा, ताक प्या. आचारी नारबा जिलब्या करण्यात हुशार, पण पथ्य म्हणजे उकडायचं, एवढंच त्याला ठाऊक. सकाळी दुधी, संध्याकाळी त्याच दुधीचं पाणी.

"नारबा, ऐक," राजे कडाडले. "उद्या दुपारी पथ्याचंच जेवण कर. ते खाऊन मी माझ्या तोंडानं 'अजून वाढ' म्हणालो, तर पथ्य पाळीन. नाही म्हणालो, तर पथ्य विहिरीत आणि तू गावाबाहेर! आणि आग्रह चालणार नाही. 'घ्या ना महाराज' असं कुणी म्हणालं की तू हरलास."

वैद्यबुवांनी कपाळाला हात लावला. पथ्य सुटलं तर राजे त्या पायावर पुन्हा उभे राहणार नव्हते.

नारबा घरी आला तेव्हा त्याची बायको सुंद्रा लेकीला भरवत होती. ठकी दोन वर्षांची. घास तोंडाशी आला की ओठ असे आवळायची की सुई जाणार नाही. पोर दिवसेंदिवस वाळत चालली म्हणून सुंद्राचा जीव टांगणीला लागलेला.

"सामान बांध," नारबा म्हणाला. "राजे तोंड उघडायचे नाहीत."

सगळं ऐकून सुंद्रानं विचारलं, "तोंड मिटून बसतात? मग त्यात नवं काय? आपल्या घरी रोज एक बसते."

"अगं, ते राजे आहेत!"

"ही काय कमी आहे? उद्या स्वयंपाक मी करते. तुम्ही फक्त केळीची पानं आणा."

दुसऱ्या दिवशी ठकीला कडेवर घेऊन सुंद्रा वाड्यावर गेली. दुधी किसला. तो ज्वारीच्या पिठात घालून लसूण, जिरं, मिरची नि कोथिंबीर टाकली आणि आंबट ताकात पीठ भिजवलं. केळीच्या पानावर गोळा थापला, वरून दुसरं पान झाकलं आणि तव्यावर टाकला.

"दुधीचा पानगा?" नारबा म्हणाला. "कधी ऐकला नाही."

"मीही नाही. आज पहिल्यांदाच करतेय."

नारबा देवाचं नाव घेत चूल फुंकू लागला. तिनं दुधीची सालंही टाकली नाहीत. तीळ आणि मिरचीबरोबर खरपूस भाजून त्यांची चटणी वाटली. पान करपल्याचा वास थेट दिवाणखान्यात गेला.

सुंद्रानं ताट राजांपुढे ठेवलं. पानगा अजून पानात मिटलेलाच होता. राजांनी हाताची घडी घातली.

"मला भूक नाही."

"बरं, महाराज," ती म्हणाली आणि ताट उचलून चालू लागली.

राजांची हाताची घडी सुटली. त्यांच्यापुढचं ताट आजवर कुणी असं उचललं नव्हतं. सुंद्रा समोरच कोपऱ्यात बसली, ठकीला मांडीवर घेतलं आणि पान उघडलं. वाफेचा लोट उठला.

"हा घास चिऊचा," ती म्हणाली. ठकीनं ओठ आवळले, पण समोरचा मिशीवाला माणूस आपल्या घासाकडे टक लावून बघतोय हे तिला दिसलं. तिनं चटकन तोंड उघडलं.

"हा काऊचा. हा हत्तीखान्यातल्या हत्तीचा. हा पहारेकरीदादांचा, चटणी लावून बरं का. हा वैद्यबुवांचा."

शेजारी उभ्या वैद्यबुवांनी आवंढा गिळला. राजे चुळबुळ करू लागले. आता आपलं नाव येईल, मग येईल. पानावर शेवटचा घास उरला. सुंद्रानं इकडेतिकडे पाहिलं.

"आणि हा घास कुणाचा? हा खिडकीखालच्या बकरीचा!"

"बकरीचा?" राजे ताडकन ओरडले. "आणि राजाचा घास कुठाय?"

ठकीनं क्षणभर विचार केला. मग आईच्या हातातला घास घेतला, चटणीत बुडवला, दुडुदुडु गेली आणि राजांच्या उघड्या तोंडात कोंबला.

राजे चावू लागले. चावता चावता थांबले. पुन्हा चावू लागले.

"हे काय आहे?"

"दुधी, महाराज."

"थापा मारू नकोस. दुधी मला चांगला माहीत आहे. आणि ही चटणी?"

"त्याच दुधीची सालं."

राजांनी मिशीला लागलेली चटणी बोटानं पुसून चाटली आणि ताटाकडे हात केला. "अजून वाढ."

दाराशी उभ्या नारबाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते पाहून राजांना आपलं बोलणं आठवलं. "थांब बाई! तू आग्रह केलास. घास भरवणं म्हणजे आग्रहच!"

"मी माझ्या लेकीला भरवत होते, महाराज," सुंद्रा म्हणाली. "चिमणीचं नाव घेतलं, कावळ्याचं घेतलं, बकरीचंही घेतलं. तुमचं घेतलं असेल तर सांगा."

राजांनी बोटांवर सगळी नावं मोजून पाहिली. मग त्यांना असं हसू फुटलं की सुजलेला पाय हातात धरून ते गदागदा हलू लागले. "हरलो बाई, हरलो! नारबाची चूल कायम. आणि तुला काय हवं ते माग."

सुंद्रानं रिकाम्या पानाकडे पाहिलं. चिऊ, काऊ, हत्ती, शेवटचा सोडून सगळे घास ठकीच्या पोटात गेले होते.

"रोज दुपारी हिला इथं जेवायला आणू द्या, महाराज. तुम्ही समोर बसलात की ही खाते."

"आणि मी?"

"तुम्हीही खाता."

तेव्हापासून राजांच्या ताटाशेजारी एक छोटं पान मांडलं जाऊ लागलं. ठकीनं ओठ आवळले की राजे नुसते वाकून म्हणत, "मग हा घास माझा हं!" आणि ठकीचं तोंड लगेच उघडे.