पाहुण्यांसाठी बर्फ

त्या राज्यात बर्फ दर वर्षी थोडा थोडा कमी पडत होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी बोलत नव्हतं. घरात कोणी फार आजारी असलं की त्याच्यासमोर आजाराचं नाव काढत नाहीत, तसं चाललं होतं.

राज्य डोंगराचं. राजा बारशिंगा. त्याची शिंगं एवढी पसरलेली की दरबारात शिरताना त्याला मान तिरकी करावी लागे, आणि ती तिरकी करण्यातही ऐट असे. मागच्या हिवाळ्यात तो पलीकडच्या राज्यात हिमखेळ बघायला गेला होता. तिथले पाहुणे, तिथला जल्लोष, घसरत येणाऱ्या प्राण्यांच्या मागे उडणारा बर्फाचा भुगा, हे सगळं पाहून आल्यापासून त्याचं चाऱ्यावर लक्ष नव्हतं. शेवटी त्याने सांगून टाकलं, "पुढचे खेळ आपल्याकडे."

आमंत्रणाचं काम साळुंकीकडे आलं. तिचा आवाज गोड होता आणि तिला कोणाला नाही म्हणता येत नसे, राजाला तर मुळीच नाही. तिने तळ्याच्या काठी हंसांना बसवून आमंत्रण पाठ करून घेतलं. "आमच्याकडे या. आमचे उतार पांढरेशुभ्र आहेत. आमच्याकडे गुडघाभर बर्फ पडतो. आमच्याकडे पाहुण्याला काही कमी पडत नाही."

एका म्हाताऱ्या हंसाने विचारलं, "गुडघाभर म्हणजे कोणाच्या गुडघ्याएवढा?"

बाकीचे हंस हसले. साळुंकी म्हणाली, "आजोबा, तुम्ही फक्त पाठ करा."

हंस दाही दिशांना उडाले. उडालेल्या हंसाला परत बोलावण्याची सोय त्या राज्यात नव्हती.

डोंगराच्या सावलीच्या उतारावर भुईखारी राहत. या खारी झाडावर चढत नाहीत, जमिनीत बिळं करतात आणि हिवाळाभर झोपतात. थंडीच्या आधी पोट फुटेस्तोवर खायचं, बिळाचं तोंड आतून माती-गवताने लिंपून घ्यायचं आणि एकमेकांच्या अंगावर पडून वसंतापर्यंत निजायचं, एवढाच त्यांचा संसार. वरून बर्फाचं जाड पांघरूण पडलं की बाहेरची थंडी खाली उतरत नाही. म्हणून ते पडेपर्यंत घरातली आई जागी राहते. आई शेवटी झोपते, हा तिथला रिवाज.

भुरकी तशी जागी होती. तिला दोन पिल्लं. थोरला ढब्बू नावाप्रमाणे होता, झोपला की दगडासारखा. धाकटी चिवी उशिरा जन्मली, दाण्यांचे दिवस सरत आले तेव्हा. तिच्या अंगावर मांस धरलंच नव्हतं. भुरकी रोज तिच्या पोटावर पंजा दाबून बघायची आणि रोज तिला काल होतं त्याहून कमीच लागायचं. थंडीने मधेच जाग आली तर पिल्लाचं अंग गरम होण्यातच साठवलेली चरबी जळून जाते, आणि वसंतापर्यंत खायला तर काही नसतं. ढब्बूने एखादी जाग सोसली असती. चिवीने सोसली नसती. हे भुरकीला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला दुसरं काही सुचतही नव्हतं.

तिचा नवरा पोट भरलं त्याच दिवशी आडवा झाला होता.

"झोपला का गं आमचा वीर?" शेजारच्या करडीमावशीने बिळात डोकावून विचारलं.

"कधीच."

"बरं आहे बाई पुरुषांचं. उद्या डोंगर उचलून नेला तरी हे कूस बदलतील फक्त." मग मावशीने चिवीकडे पाहिलं आणि तिचं हसू थोडं आवरलं. "बारीकच राहिली का गं ही?"

"मावशी, होईल ना नीट?"

"होईल की. बर्फ पडू दे."

बर्फ पडला. एकदाच, पण सावलीच्या उतारावर बरा पडला. भुईखारींचा आणखी एक रिवाज होता. झोपण्याआधी प्रत्येक आई आपल्या बिळावर एक काठी रोवी आणि तिच्या टोकाला स्वतःच्या अंगाची चिमूटभर लव बांधी. ती काठी दिसली की खाली कोणाची तरी पोरं निजली आहेत हे कळे. मग याक असो की खेचर, सगळे वळसा घालून जात. त्यामुळे काठ्यांच्या आसपास हिवाळाभर कोणाचं पाऊल उमटत नसे. भुरकीनेही काठी रोवली, आत येऊन तोंड लिंपलं, चिवीला पोटाशी घेतलं आणि पहिल्यांदाच तिच्या पापण्या जड झाल्या.

तिकडे खेळांचा उतार मात्र उन्हाच्या बाजूला आखला होता. पाहुण्यांना ऊब मिळावी आणि राजाची शिंगं उन्हात चमकावीत म्हणून. सकाळी तिथे बर्फ असायचा आणि दुपारी चिखल व्हायचा. पहिले पाहुणे खिंडीत दिसल्याची बातमी आली तेव्हा उतार तपकिरी होता. राजाने साळुंकीकडे पाहिलं. साळुंकीने डोंगराच्या दुसऱ्या बाजूकडे पाहिलं.

भुरकीला जाग आली ती डोक्यावर खुरं वाजली म्हणून. तिथे कधी खुरं वाजत नसत. तिने लिंपण फोडलं आणि बाहेर आली. खेचरांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या पाठीवर टोपल्या, आणि टोपल्यांत तिच्या घरावरचा बर्फ.

"अहो दादा, काठी दिसली नाही का तुम्हाला?"

पुढचं खेचर थांबलं. त्याला थांबायला आवडलेलं दिसलं, पाठ दुखत असावी. "दिसली की ताई. काठ्या बघूनच तर आलो. दुसरीकडचा बर्फ नेला होता. त्यात पाय उमटलेले, लेंड्या पडलेल्या. राजाने परत पाठवला. साळुंकीबाई म्हणाल्या, काठ्यांजवळचा आणा, तिथे कोणी पाय ठेवत नाही."

साळुंकी जवळच्या खडकावर होती. भुरकी धावत तिच्याकडे गेली. "बाई, खाली पोरं आहेत."

"मला माहीत आहे गं. म्हणून तर सांगितलं, हळू उचला, आवाज करू नका."

"आवाजाचं नाही हो. पांघरूण काढल्यावर थंडी शिरेल ना आत."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि झोपलेल्याला काय कळतंय?"

"झोपलेल्यालाच कळते थंडी! जागं असलं तर निदान हलता तरी येतं."

साळुंकीने पंख सारखे केले. तिचाही चेहरा उतरलेला होता, बरेच दिवस नीट खाल्लं नसावं. "हे बघ भुरके, सगळं जग निघालंय. आता त्यांना काय सांगू? पाहुणे गेले की सगळा बर्फ परत आणून पसरू. शब्द देते." असा शब्द ती सकाळपासून प्रत्येक काठीपाशी देत आली होती. एवढं बोलून ती पुढच्या काठीकडे उडाली.

भुरकी राजाकडे गेली. तिने आयुष्यात दरबार पाहिला नव्हता. करडीमावशी सोबत आली, पण दारातच म्हणाली, "तू बोल गं बाई, माझी जीभ इथे वळायची नाही."

बारशिंगा स्वागताचं नमन करून बघत होता. खाली वाकायचं, पण शिंगं पाहुण्यांना लागू द्यायची नाहीत, हे त्याला जमत नव्हतं. त्याने भुरकीचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "तुमचं नाव जाहीर करू. सगळ्या पाहुण्यांसमोर. सावलीच्या उतारावरच्या मातांनी आपला बर्फ दिला, असं साळुंकी स्वतः सांगेल."

"महाराज, नाव नको. बर्फ परत द्या."

"पुढच्या रांगेत बसायला जागा देतो. उन्हात."

"महाराज, माझी धाकटी फार बारीक आहे हो."

राजाने मान तिरकी करून दाराकडे पाहिलं. बाहेर खेचरं टोपल्या रिकाम्या करत होती. "पाहुण्यांनी इथे येऊन चिखल पाहिला, तर या राज्याचं नाव पुन्हा कोणी घेईल का?" त्याने विचारलं. तो भुरकीला विचारत होता असं वाटलं नाही. मग त्याने पुन्हा वाकायला सुरुवात केली, आणि सेवकांनी भुरकीला दार दाखवलं.

परत येईपर्यंत सावलीचा उतार उघडा पडला होता. काठ्या तेवढ्या उभ्या होत्या. करडीमावशी म्हणाली, "गवत आण. असेल नसेल ते सगळं आण." दोघींनी वाळलेलं गवत, पाला, शेवाळ, जे सापडेल ते ओढून आत कोंबलं. भुरकी पिल्लांवर पालथी पडली. नवऱ्याला ढकलून बाजूला घेतला, त्याच्या पाठीचा आडोसा केला. तो झोपेत म्हणाला, "आलो आलो," आणि घोरू लागला.

संध्याकाळपर्यंत मातीला थंडी लागली. आधी छताला, मग भिंतींना. ढब्बूने नाक पोटात खुपसलं. चिवीच्या अंगाला आधी बारीक कापरं भरलं, मग ते थांबलं. थांबलं तेव्हा भुरकी जास्त घाबरली. तिने चिवीच्या नाकाशी कान लावला. श्वास होता, पण एक आला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. मग चिवीची एक पापणी हलली आणि खालून डोळ्याची पांढरी फट दिसली.

"नको," भुरकी म्हणाली. "आत्ता नको. नीज बाळा, नीज."

तिने तिला थोपटलं, चाटलं, पुन्हा थोपटलं. पापणी मिटली, पण पूर्ण नाही. भुरकीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. बर्फ राज्यातून गेलेला नाही. आहे. कुठे आहे ते तिने डोळ्यांनी पाहिलं आहे.

खेळाच्या दिवशी पहाटे धुकं होतं. भुरकीने चिवीला मानेला धरून तोंडात उचललं आणि बाहेर पडली. वाटेत रिकाम्या टोपल्या घेऊन येणारं तेच खेचर समोर आलं. त्याने तिच्या तोंडातलं ओझं पाहिलं. वाट सोडून, दगडांतून वळसा घालून ते निघून गेलं.

उन्हाच्या बाजूचा उतार पांढराशुभ्र होता. वरपासून खालपर्यंत चोपून, गुळगुळीत केलेला. भुरकीने मधोमध, जिथे थर सगळ्यात जाड होता, तिथे खणायला सुरुवात केली. आत जागा केली, स्वतःच्या पोटाची लव ओढून पसरली आणि चिवीला ठेवलं. वर श्वासापुरतं छिद्र ठेवून बर्फ ओढून घेतला. मग ढब्बूला आणायला धावली. ती परत आली तेव्हा थोड्या अंतरावर आणखी कोणीतरी खणत होतं.

"बघत काय उभी राहिलीस?" करडीमावशी बर्फ उडवत म्हणाली. "हा माझ्याच दारातला आहे. ओळखते मी."

तिच्या मागून सावलीच्या उतारावरच्या एकेक आया धुक्यातून येत होत्या. प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी होतं.

ऊन आलं तेव्हा उतार पुन्हा गुळगुळीत दिसत होता. पाहुणे आले. पांढरी अस्वलं आली, पेंग्विन आले, लांबच्या नद्यांची पाणमांजरं आली. सगळीकडे तपकिरी डोंगर आणि मधे ही एकच पांढरी पट्टी, हे पाहून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण पाहुणे असल्यामुळे कोणी काही म्हणालं नाही. बारशिंगा वाकला. शिंगं कोणाला लागली नाहीत. साळुंकीने गोड आवाजात जगाचं स्वागत केलं. पुढच्या रांगेत, उन्हातल्या जागा मोकळ्या होत्या.

पहिलं पाणमांजर उतारावर चढलं आणि पोटावर आडवं झालं. राजाने इशारा करायला पाय वर उचलला.

तेवढ्यात पांढऱ्या पट्टीच्या मधोमध एक वाफ उठली. दोऱ्याएवढी बारीक. ती विरली आणि तिच्या शेजारी दुसरी उठली. मग खाली, मग वर, मग पूर्ण उतारभर एकेक वाफ वर येऊ लागली, थांबू लागली, पुन्हा येऊ लागली. पाणमांजराने मान उचलून पाहिलं. ते सावकाश उठलं आणि आपले चारही पंजे अंगाखाली घेऊन आहे तिथेच बसलं.

सगळ्यात मधली वाफ बाकीच्यांपेक्षा बारीक होती. ती मधेच थांबायची, आणि ती थांबली की सबंध जग, कशासाठी ते नीटसं न कळताही, आपला श्वास धरून तिची वाट पाहायचं. राजाचा पाय अजून हवेतच होता.